पितरांना व्हिएन्नाचा पत्ता

माणसाने भरल्या पोटी वचन देऊ नये. उपाशी माणूस फार तर घासभर भात मागतो. पोट भरलेला माणूस दुनिया वाटत सुटतो. ह्वांग ग्यूसिकचं तसंच झालं.

कोरियातला चूसॉकचा, म्हणजे पितरांना जेवू घालायचा सण होता. पितरांचं पान मांडून झालं होतं, पितर जेवून गेले होते, आणि त्यांनी मागे ठेवलेलं हयात मंडळींनी संपवत आणलं होतं. ग्यूसिक भिंतीला पाठ टेकून तांदळाच्या दारूचा शेवटचा घोट घेत होता. समोर त्याची बायको ओकजू जमिनीवर अंथरलेली तेलकट वर्तमानपत्रं गोळा करत होती. ती थोरल्या घराची सून. दोन दिवस त्या कागदांवर तव्यापुढे उकिडवी होती. माशाचे काप, भोपळ्याचे काप, कोबीच्या पानांची धिरडी, असं एकामागून एक तळण चाललं होतं. तिच्या केसांना अजून तेलाचा वास येत होता.

टीव्हीवर कुणीतरी व्हिएन्ना दाखवत होतं. एका कॉफीच्या दुकानात खिडकीपाशी एक म्हातारी बसली होती. काळा कोट घातलेला माणूस आला, तिच्यापुढे तबक ठेवलं, मान झुकवली आणि गेला. म्हातारीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ओकजूचे हात थांबले. "एका चूसॉकला मला असं बसायचंय," ती म्हणाली. "मी बसलेली, आणि दुसरं कुणी आणून देतंय."

ती हे वर्तमानपत्रांना सांगत होती. ग्यूसिकने गप्प राहायला हवं होतं. पण तो दैगूच्या शाळेतला भूगोलाचा मास्तर. शहराचं नाव कानावर पडलं की त्याच्या तोंडून नदी बाहेर पडायचीच.

"व्हिएन्ना. डॅन्यूबच्या काठी," तो म्हणाला. आणि नदीपाठोपाठ वचनही बाहेर पडलं. "पुढच्या चूसॉकला जाऊ."

धाकटा भाऊ ग्यूचॉल, त्याची बायको मिरान आणि ग्यूसिकची कॉलेजातली मुलगी येसूल, तिघांनीही ते ऐकलं. येसूलने तर लगेच मोबाइल काढला. दारूच्या भरात बोललेलं माणूस सकाळी विसरू शकतो, पण साक्षीदार शुद्धीत असले की पंचाईत होते.

ग्यूसिकने जगातली सगळी आखातं तोंडपाठ केली होती, पण जेजू बेटापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. तिथेही लग्नानंतर गेला तेव्हा बोट लागली होती. म्हणून त्याने प्रवासाची तयारी मास्तरी पद्धतीने केली. भिंतीवर नकाशा लावला आणि शाळेतली छडी आणून त्यावर व्हिएन्ना दाखवू लागला. ओकजूने भाजी चिरता चिरता एकदा मान वर करून बघितलं आणि म्हणाली, लांब आहे. मास्तरला फार बरं वाटलं.

पहिली ठेच पासपोर्टला लागली. फोटो परत आला. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा घालून काढल्यामुळे सदरा भिंतीत विरघळला होता आणि ग्यूसिकचं मुंडकं तेवढं अधांतरी राहिलं होतं. खिडकीतल्या मुलीने नम्रपणे सांगितलं की नियमाप्रमाणे अर्जदाराचे खांदे दिसायला हवेत. इतकी वर्षं पोरांनी त्याच्या मागे त्याच्या चालण्याची, टकलाची, आवाजाची नक्कल केली होती. खांद्यांबद्दल मात्र कुणी शंका घेतली नव्हती. तो उभ्या कॉलरचा गडद कोट घालून पुन्हा गेला. तेव्हा तीच मुलगी म्हणाली की आता कान दिसत नाहीत. पासपोर्ट हातात आला तोवर त्याचा चेहरा असा झाला होता की तिकडचा कुठलाही अधिकारी त्याला विचारणार, इतकं दुःख घेऊन सहलीला कशाला आलात?

मग सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरचे पेंगसाहेब बँकेतून निवृत्त झालेले. ते एकदा सहलीच्या बसमधून अर्धा युरोप बघून आले होते आणि त्यातली एकच गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली होती, ती म्हणजे तिथे लघवीला पैसे पडतात. लिफ्टमध्ये, कचरा टाकताना, औषधाच्या दुकानात ते ग्यूसिकला गाठायचे. सुटी नाणी जवळ ठेवा. पाकीट पोटाला बांधा. झोपताना बूट उशाशी घ्या. एकदा ग्यूसिकने विचारलं, व्हिएन्नात तुम्ही काय काय बघितलंत? पेंगसाहेबांनी डोळे मिटून फार खोलवर आठवलं.

"एक राजवाडा होता," ते म्हणाले. "मागच्या बाजूला सोय होती. स्वच्छ."

इथवर सगळं ठीक होतं. हॉटेलच्या खोल्या मिळाल्या, विमान मिळालं. चूसॉकच्या सुट्टीत अर्धा देश विमानतळावर असतो, त्यात आपल्याला जागा मिळाली म्हणून ग्यूसिक शाळेत जरा छाती काढून चालू लागला. मग ग्यूचॉलने फोनवर बोलता बोलता आत्याला सांगून टाकलं.

यंगचॉनची आत्या म्हणजे ग्यूसिकच्या वडिलांची धाकटी बहीण. जुन्या पिढीतली तेवढीच एक उरली होती, त्यामुळे घराण्यातल्या सगळ्या मेलेल्यांचा कारभार तिच्याकडे होता. ती दुसऱ्याच दिवशी बसने आली, पिशवीभर चेस्टनट घेऊन. सोफ्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. जमिनीवर बसली, चाकू मागितला आणि सोलायला लागली.

"चूसॉकच्या सकाळी तुझे आजोबा दारात येणार," ती म्हणाली. "दाराला कुलूप. मग त्यांनी काय करायचं? लिफ्टपाशी उभं राहायचं?"

ग्यूसिकने उत्तर तयार ठेवलं होतं. आजकाल लोक समुद्रकाठच्या हॉटेलातसुद्धा पान मांडतात, काळ बदललाय, वगैरे सगळं त्याने सांगितलं. आत्या सोलत राहिली. तेव्हा त्याला एक वाक्य सुचलं आणि ते त्याला इतकं आवडलं की त्याने उभं राहून म्हटलं.

"आत्या, पितर काय भिंतींकडे येतात का? जिथे थोरला नातू, तिथे पितर."

आत्याचा चाकू थांबला. "हे मात्र खरं," ती म्हणाली. "तुझा बापसुद्धा इतकं शहाण्यासारखं कधी बोलला नाही."

ग्यूसिकला वाटलं, जिंकलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण आत्याने ते वाक्य नुसतं मान्य केलं नाही, ती त्यात राहायलाच गेली. पितर व्हिएन्नाला येणार, म्हणजे पान व्हिएन्नाला मांडायचं. पान तिथे, तर आत्या यंगचॉनला बसून काय करणार? तीही येणार. आणि धाकट्या भावाने दुसरीकडे कुठे वाकायचं? म्हणजे ग्यूचॉल आणि मिरानही येणार. चेस्टनट सोलून संपायच्या आत तिघांची सहल सहा जणांची झाली, आणि चार पितर धरले तर दहाची.

येसूलने हॉटेलला पत्र लिहून विचारलं, खोलीत उदबत्ती लावली तर चालेल का? उत्तर आलं की खोलीत धूर झाला की छतातून पाणी सुटतं आणि पाठोपाठ अग्निशमन दल येतं. आत्याने विचारलं, पाणी साधारण किती सुटतं? शेवटी हॉटेल रद्द केलं आणि एक अख्खं घर भाड्याने घेतलं, स्वयंपाकघरासकट. ग्यूसिकने मोठ्या उत्साहाने बायकोला फोटो दाखवले. उंच खिडक्या, लाकडी जमीन.

ओकजूने एवढंच विचारलं, "शेगडी किती तोंडांची आहे?"

"चार," ग्यूसिक अभिमानाने म्हणाला.

"अस्सं," ओकजू म्हणाली.

ओकजूचं 'अस्सं' म्हणजे वाऱ्याची दिशा बदलल्याची खूण. भूगोलाच्या मास्तराला ती ओळखता यायला हवी होती. पण मास्तर त्या वेळी माशात अडकला होता.

यंगचॉनकडचं पितरांचं पान खारवलेल्या मुशीच्या तुकड्यांशिवाय पुरं होत नाही. बाकी सगळं एक वेळ चुकलं तर पितर चालवून घेतील, पण मुशी नसेल तर आजोबा पानावरून उठून जातील, असं आत्याचं म्हणणं. युरोपात मांस नेता येत नाही, हे ग्यूसिकला कळलं होतं. मासा नेता येतो का, हे विचारायला त्याने सरकारी कचेरीत फोन लावला. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. सुका मासा चालेल. मुशी सुकी आहे का? नाही, खारवलेली. मुशी म्हणजे नक्की कुठल्या जातीची? ग्यूसिकला जात ठाऊक नव्हती. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, चांगल्या घरची. शेवटच्या टेबलावरचा माणूस फार चौकस होता. किती जणांच्या खाण्यासाठी नेताय, असं त्याने विचारलं.

"दहा," ग्यूसिक म्हणाला. आणि तो मास्तर असल्यामुळे खरं बोलला. "पण त्यातले चौघे हयात नाहीत."

त्या टेबलाने त्याला पहिल्या टेबलाकडे परत पाठवलं.

मग पडदा. पितरांच्या पानामागे उभा करायचा घडीचा पडदा, आजोबांच्या काळचा, मध्यम उंचीच्या माणसाएवढा. विमान कंपनीच्या मुलीने विचारलं, वाद्य आहे का? वाद्यांना वेगळा नियम आहे. ग्यूसिक म्हणाला, नाही, हा पितरांच्या मागे लावायचा.

"पितर सामानात आहेत का, साहेब?"

"नाही," ग्यूसिक म्हणाला. "ते आपले आपण येणार आहेत."

पण ते येणार कसे? त्यांना कळवायला नको? हा मुद्दा आत्याचाच. चूसॉकच्या आधी घरचे पुरुष डोंगरावर जाऊन थडग्यांवरचं गवत कापतात. त्या दिवशी आत्याही काठी टेकत वर आली. ग्यूचॉलने यंत्राने गवत कापलं, ग्यूसिकने पानं झाडली, मग दोघे भाऊ गुडघ्यांवर बसले आणि ग्यूसिकने सोजूची दारू ओतून पितरांना पत्ता वाचून दाखवला. रस्त्याचं नाव जर्मन होतं आणि मालगाडीसारखं लांब. ते त्याला एका दमात म्हणता येईना. ग्यूचॉल म्हणाला, दादा, हळूहळू म्हण, आजोबांना घाई नाही. आत्याला पत्ता अपुरा वाटला. आजोबा एकदा राजधानीत, सोलला गेले होते तर दोन दिवस घरी आले नव्हते. म्हणून तिने खुणा सांगायला लावल्या. नाटकघराच्या मागे, कोपऱ्यावर पावाचं दुकान, तिसरा मजला.

वेळेचा प्रश्न उरला. आपल्याकडे सकाळ होते तेव्हा तिकडे अजून रात्र असते, हे ग्यूसिकने आत्याला थडग्यावरचा पेअर आणि एक बोर हातात घेऊन समजावलं. पृथ्वी फिरवली, सूर्य धरला, घाम आला. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तिकडेही सकाळ होतेच ना? होते, ग्यूसिक म्हणाला. मग तिकडच्या सकाळी येतील, आत्या म्हणाली, आणि त्याच्या हातातला पेअर काढून परत थडग्यावर ठेवला.

असे पितर आमंत्रित झाले. सणाला थोडे दिवस उरले तेव्हा आत्याने सगळ्यांना ग्यूसिकच्या घरी बोलावलं. मधोमध उघड्या बॅगा होत्या. एकीत पितळी वाट्या, एकीत उदबत्त्या आणि घासून चकचकीत केलेला विजेचा तवा. आत्या कामं वाटू लागली. येसूलने तांदळाच्या पिठाच्या तीळ भरलेल्या चंद्रकोरी वळायच्या. मिरानने भाज्या. ग्यूचॉलने पडदा उचलायचा.

"तळण ओकजूकडे," आत्या म्हणाली. "तिचा हात बसलेला आहे."

ओकजू हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"आत्याबाई, पितर कुठे येणारेत या वर्षी?"

"व्हिएन्नाला. पत्ता सांगून झालाय."

"म्हणजे इथे कुणी येणार नाही?"

"इथे कशाला येतील? सांगितलंय ना त्यांना."

"मग मी इथे राहते," ओकजू म्हणाली. "पितर जातील तिथे तवा जाणार. या चूसॉकला सगळ्या जगात हे एकच घर असं आहे, जिथे पितर नाहीत. मी इथे बसते. कोपऱ्यावरून काळ्या सॉसच्या शेवया मागवीन. तो पोऱ्या दारात आणून देतो. मी व्हिएन्नाला गेले असं समजेन."

ग्यूसिक म्हणाला, अगं, तिकीट आहे तुझं. ते किती मूर्खपणाचं होतं हे त्याला बोलतानाच कळलं. त्याने त्या बॅगांकडे बघितलं. वर्षभर घाम गाळून त्याने बायकोला व्हिएन्नाला न्यायचं ठरवलंच नव्हतं. त्याने दैगूचं स्वयंपाकघर उचलून व्हिएन्नाला न्यायचं ठरवलं होतं, आणि त्यासोबत तिलाही. तिच्यासाठी खिडकी उंच होती, शेगडी चार तोंडांची होती, एवढाच काय तो फरक.

आत्याने ओकजूकडे बघितलं, मग तव्याकडे. त्या दिवशी सगळे न जेवता पांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्यूसिक एकटाच डोंगरावर गेला. थोरल्या घराच्या वारसाने पितरांना एकदा कळवलेलं फिरवायचं नसतं. घराण्यात असं कधी झालं नव्हतं, आणि होणार होतं ते नेमकं त्याच्या हातून. पण एक वचन त्याने पितरांना दिलं होतं आणि एक बायकोला. पितर क्षमा करतात असं लोक म्हणतात. ओकजूबद्दल तसं कुणी म्हणाल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. त्याने सोजू ओतली, कपाळ गवताला टेकवलं आणि आजोबांना सांगितलं की बेत बदलला आहे, कृपा करून नेहमीच्याच घरी यावं, लिफ्ट चालू आहे. जर्मन रस्ता विसरून जावा. मग त्याला वाटलं कारण सांगायला हवं. तो म्हणाला, "तिला बसायचंय." आजोबांकडून काही आक्षेप आला नाही. शेजारच्या थडग्यात आजी होती; बहुतेक तिने गप्प केलं असावं.

तिथून तो तडक यंगचॉनला गेला. आत्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. त्याने एका दमात सांगून टाकलं की पितर घरीच येतील, तो आणि ग्यूचॉल राहतील, तळतीलही तेच, आणि बायका व्हिएन्नाला जातील. मग शिव्यांची वाट बघत मान खाली घालून उभा राहिला.

आत्या एकेक मिरची उलटवत राहिली. तिने सासरी पन्नास चूसॉक तळले होते. नवरा गेला, सासू गेली, मग तेही त्यांच्याच पानावर येऊन बसले, आणि ती त्यांच्यासाठीही तळत राहिली. आता दोन वर्षांपासून तिथला कारभार नवऱ्याच्या पुतण्याकडे होता, पण तिचे गुडघे अजून तव्यापुढेच होते.

"म्हणजे व्हिएन्नात कुणी पितर नसणार?"

"नाही, आत्या."

"तळण नाही?"

"नाही."

"माझं तिकीट परत करू नकोस," आत्या म्हणाली. "मुशी तेवढी नीट तळ. मंद आचेवर."

चूसॉकच्या सकाळी पेंगसाहेब बादली घेऊन धावत वर आले. त्यांना वाटलं घराला आग लागली. तसं फार चुकलंही नव्हतं. ग्यूचॉलने तव्यावर तेल इतकं घातलं होतं की माशाचे काप पुन्हा पोहायला लागले होते. धिरडी उलटताना फाटत होती, आणि फाटलेलं पितरांना चालत नाही म्हणून दोघे भाऊ ते खाऊन टाकत होते. पान मांडेपर्यंत पोटं गच्च आणि डोळे लाल झाले होते. उकिडवं बसून ग्यूसिकचे गुडघे असे धरले होते की पितरांपुढे वाकल्यावर त्याला उठता येईना. ग्यूचॉलला वाटलं दादा फारच भक्तीने नमस्कार करतोय, म्हणून तोही खाली राहिला. बऱ्याच वेळाने पेंगसाहेबांनी एकेकाला काखेत धरून उभं केलं. नियमाप्रमाणे खांदे होते म्हणून बरं.

दुपार कलताना फोन वाजला. तिकडे सकाळ झाली होती. पडद्यावर आधी नुसतं नाक आलं, मग आत्या मागे सरकली. तिने पानाचा फोटो मागितला. ग्यूसिकने पाठवला.

"बोरं पश्चिमेला कुणी ठेवली?"

"पूर्वेलाच आहेत, आत्या. होकायंत्र लावून ठेवलीत."

"होकायंत्राला कोण विचारतं? पितर बसतात ती उत्तर. लाल फळ त्यांच्या पूर्वेला. इतकी वर्षं पोरांना काय शिकवलंस?"

ग्यूचॉल तोंड फिरवून हसत होता. ग्यूसिकने विचारलं, मग आजोबा उपाशी गेले का? आत्या म्हणाली, गेले नसतील, ते डावखुरे होते. मग तिला कुणीतरी केक आणून दिला आणि तिचं पितरांमधलं लक्ष उडालं. येसूलने फोन वळवला.

उंच खिडकीपाशी ओकजू बसली होती. केस नीट बांधलेले, अंगात चांगला कोट. येसूल सांगत होती की आईने पहिल्या दिवशी उठून रिकामे कप स्वतःच आत नेऊन दिले आणि इथला वाढपी फार दुखावला. दोघांची समजूत घालायला बराच वेळ लागला. तेवढ्यात तोच आला, काळ्या कोटातला, हातात तबक. ओकजूचे हात सवयीने पुढे झाले. अर्ध्यावर तिचं तिलाच कळलं. तिने हात मागे घेतले आणि मांडीवर एकावर एक ठेवले. त्याने तबक ठेवलं, मान झुकवली आणि गेला.

ग्यूसिक कधीचा वाट बघत होता की ती विचारेल, धिरडी जमली का, तेल किती लागलं, ओटा पुसला का. ती काहीच विचारत नव्हती.

"कॉफी कशी आहे?" शेवटी त्यानेच विचारलं.

"ही दुसरी. पहिली गार झाली."

"गार कशी झाली? आवडली नाही?"

"आवडली की. बघत राहिले होते."

"काय बघत होतीस?"

"काही नाही हो," ओकजू म्हणाली. "सगळे वाढपी उभे होते. मी बसले होते."